साथीचं वाद्य

परवा संध्याकाळी पुतण्या आला आणि चहा येण्याआधीच म्हणाला, ‘‘काका, कीबोर्ड घ्यायला पुण्याला जायचंय. तुम्ही चला. बँकेत होतात, तुम्हांला कोणी फसवणार नाही.’’

पुतण्या नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात वाजवतो. लग्नं, गणेशोत्सव, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं. जुनी हिंदी-मराठी गाणी. दोघं गाणारे, एक बास गिटार, एक ऑक्टोपॅड, एक ढोलक-तबला आणि हा. आमचं मिरज तंतुवाद्यांचं गाव. तंबोऱ्याचा भोपळा कसा पारखावा हे सांगणारे इथं पुष्कळ. पण विजेवरच्या वाद्याचं काय?

कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेद गेली. माणूस काय मागतोय त्यापेक्षा कशासाठी मागतोय, हे आधी विचारायची सवय तेव्हा लागली. मी म्हटलं, ‘‘आधी गाण्यांची यादी कर. प्रत्येकापुढं लिही, त्यात तुला काय वाजवावं लागतं.’’

चाळीस गाण्यांची यादी झाली. जवळजवळ सगळीकडे व्हायोलिनचा ताफा. मग अ‍ॅकॉर्डियन; ‘आराधना’तल्या (१९६९) पावसाळी रात्रीच्या गाण्यात केरसी लॉर्ड यांनी वाजवलं तसं. आणि ‘नागिन’ची (१९५४) बीन! गंमत म्हणजे ती खरी बीन नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे एका वाद्यातून दुसऱ्याचा आवाज काढणं आपल्याकडे नवं नाही. पुढं घराघरांत ‘कॅसिओ’ आला आणि आपण प्रत्येक कीबोर्डला कॅसिओच म्हणू लागलो.

निघण्यापूर्वी गाडीची डिकी आणि मागची सीट टेपनं मोजली. पियानोसारख्या जड ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड सुरेख, पण तो उचलणार कोण? पेटीला साधारण साडेतीन सप्तकं, ६१ पट्ट्यांत पाच मिळतात. डाव्या हाताला व्हायोलिन आणि उजव्याला अ‍ॅकॉर्डियन अशी विभागणी करता आली की आमच्या यादीला तेवढं पुरत होतं.

दुकानातल्या मुलानं पहिल्याच कीबोर्डचं एक बटण दाबलं आणि तबला, ढोलक, बास सगळं एकदम सुरू झालं. पुतण्याचे डोळे चमकले. बाहेर येऊन हळूच म्हणाला, ‘‘काका, हा घेतला तर ढोलकवाल्याचं मानधन वाचेल. वर्षभरात पैसे वसूल.’’

हिशेब चुकीचा नव्हता. मीही आयुष्यभर असेच हिशेब केले. पण तो ढोलकवाला मी ओळखत होतो. पन्नाशी उलटलेली, दिवसा रंगकाम करतो, मुलगी नर्सिंगला आहे. हे मी बोललो नाही. दुकानात परत गेलो आणि म्हटलं, ‘‘लाव तो ठेका. मी गातो.’’

माझा आवाज बँकेच्या गॅदरिंगपुरता. तरी अंतऱ्याच्या शेवटी मी एक स्वर मुद्दाम लांबवला. यंत्र थांबलं नाही. ते आपलं पुढं निघून गेलं आणि पुतण्या सम शोधत राहिला. दुसऱ्यांदाही तसंच. तो हसला, मग गप्प झाला. म्हणाला, ‘‘मामा असते तर माझ्याकडे बघून थांबले असते.’’ ढोलकवाल्याला सगळे मामाच म्हणतात.

एकट्यानं गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला ठेक्याचा कीबोर्ड वरदानच आहे, त्यात खोटं नाही. पण जिथं माणसं आहेत, तिथं त्यांच्यापाशी नसेल ते वाद्यात शोधावं. आम्ही ठेक्याशिवायचा सिंथ पाहू लागलो. हलकं दाबलं तर हलका, जोरात दाबलं तर भरदार आवाज येतो का? डावीकडच्या चाकानं मींड घेता येते का? दोन आवाज एकत्र लावून पेडल दाबलं की आधीचे स्वर तुटतात का? एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना खंड पडतो का? गाणाऱ्याची पट्टी काळी एक, गाणारीची काळी पाच. ती बदलायचं बटण अंधारात सापडतं का? आणि गाणं संपल्यावर ते शून्यावर आणायचं, नाहीतर पुढच्या गाण्यात सगळ्यांची शोभा.

हेडफोनवर सगळंच गोड लागतं, म्हणून स्पीकरवर ऐकलं. बजेटातले थोडे पैसे राखून स्टँड, जाड बॅग आणि जास्तीचा अ‍ॅडॉप्टर घेतला. शंभर रुपयांची वायर नसल्यानं कार्यक्रम बुडू शकतो.

गेल्या शनिवारी एका स्नेहसंमेलनात नवा कीबोर्ड वाजला. दुसऱ्या अंतऱ्यात गाणारी रंगात आली आणि स्वर सोडेचना. मामांनी हात वर धरला, पुतण्याकडे पाहिलं, आणि दोघं एकदम समेवर आले. टाळ्या गाणारीला मिळाल्या, मिळायलाच हव्यात.

रात्री गाडीत सामान भरलं. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड मागच्या सीटवर आडवा बसला आणि डिकीत ढोलकाला जागा उरली. मामा पुढं बसले. त्यांना घरी सोडूनच आम्ही परतलो.