एल निनो आणि भारतीय मान्सून : १९९७ व २००२ या दोन वर्षांचा पुनर्विचार

‘एल निनो म्हणजे दुष्काळ’ हे समीकरण आपल्या वर्गाध्यापनात आणि वृत्तपत्रांत इतके रुळले आहे की त्याची फेरतपासणी क्वचितच होते. पेरणीचे निर्णयही त्यावर बेतले जातात. १९९७ मध्ये विसाव्या शतकातील सर्वाधिक तीव्र एल निनोंपैकी एक उद्भवला. तरीही त्या वर्षी देशातील मान्सूनचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ मधील एल निनो तुलनेने सौम्य होता, परंतु पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी घटला. ऐन जुलैत तर तो जवळपास निम्म्यावर आला. ही विसंगती कशी उलगडावी?

एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागरातील उष्ण पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथे हवा वर चढते, पाऊस पाडते आणि पूर्व प्रशांतावर खाली उतरते. या चक्रास वॉकर अभिसरण म्हणतात. (ज्यांचे नाव त्यास मिळाले ते गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती, हवामानशास्त्राचा पूर्वानुभव नसताना ते १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचे प्रमुख झाले.) एल निनोच्या काळात व्यापारी वारे मंदावतात, उष्ण पाणी व त्यावरील मेघनिर्मिती पूर्वेकडे सरकते आणि हवा उतरण्याचे क्षेत्रही बदलते. उतरत्या हवेखाली ढग वाढत नाहीत.

म्हणून प्रश्न केवळ पाणी किती तापले हा नसून, कोठे तापले हा आहे. २००२ मध्ये तापमानवाढ मध्य प्रशांतात केंद्रित होती. अशा वेळी हवेचे अवतरण भारतावर अधिक होते, असे कृष्णकुमार व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. त्या हंगामात बंगालच्या उपसागरात एकही मान्सूनी डिप्रेशन निर्माण झाले नाही. विदर्भ-मराठवाड्याचा बराचसा पाऊस तिकडून पश्चिमेकडे सरकणाऱ्या प्रणालींवर अवलंबून असतो, हे ध्यानात घेतल्यास या अभावाचे गांभीर्य कळते. १९९७ मध्ये मात्र पूर्व प्रशांत अधिक तापला होता. शिवाय हिंदी महासागराचा पश्चिम भाग उष्ण व सुमात्रालगतचा भाग थंड होता. ‘हिंदी महासागर द्विध्रुव’ या नावाने १९९९ मध्ये वर्णिलेली ही स्थिती त्या वर्षी मान्सूनला पूरक ठरली असे मानले जाते.

तथापि द्विध्रुव अनुकूल असला तरी पावसाचे वाटप सम होत नाही. २०१९ मध्ये तो प्रबळ होता व देशात ११० टक्के पाऊस झाला. त्या ऑगस्टच्या पूर्वार्धात कोल्हापूर-सांगली पुराखाली होती. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मराठवाड्याचे अनेक तालुके त्याच दिवसांत पावसाची वाट पाहत होते.