टाकीत उतरायचं की नाही, हे कोण ठरवणार?

कर्जत–खोपोली लोकलला पहिल्या पाळीच्या वेळी जी गर्दी असते, ती बहुतेक कामगारांची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी खोपोलीत पोचते आणि डबे-पिशव्या घेऊन माणसं रिक्षांकडे पळतात. मी त्यांतलाच एक होतो. खोपोली परिसरातल्या रासायनिक कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. सरकार कामगाराच्या जिवासाठी नेमकं काय करतं, असं कुणी विचारलं की मी मॅनहोलपासून सुरुवात करतो.

टाकी साफ करायची म्हणजे आधी ती रिकामी करून धुवायची. टाकीत येणाऱ्या प्रत्येक लाइनला ब्लाइंड लावायचं, ब्लोअरने हवा खेळवायची आणि मग गॅस मीटर आत सोडायचा. उघड्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो; तो 19.5 च्या खाली असला तर परमिटवर सही नाही. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस, दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, आणि त्या माणसाने चहालासुद्धा जागचं हलायचं नाही. दोर, बाहेरचा माणूस आणि जाणकाराने तपासून दिलेला लेखी दाखला, हे कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36 मध्येच होतं. ज्याने ते लिहिलं, त्याने टाकीत गेलेली माणसं पाहिली असणार, असं मला नेहमी वाटत आलं.

एका रात्रपाळीला गाळ काढायला ठेकेदाराकडचा, ठाकूरवाडीतला एक पोरगा आला होता. मागच्या पाळीतलं रीडिंग ठीक होतं, म्हणून मुकादम घाई करत होता. पोरगा मॅनहोलशी वाकला आणि मागे सरला. “साहेब, वास येतोय. मी नाय उतरनार.” मुकादम त्याच्यावर खेकसला. मी परमिट थांबवलं आणि मीटर पार तळाला टेकेपर्यंत सोडायला लावला. तळाशी ऑक्सिजन 17 टक्के निघाला. हवेपेक्षा जड वाफ खाली बसते आणि प्राणवायूला बाजूला सारते. वरवर घेतलेल्या रीडिंगमध्ये ते येत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पोराचं नाव हजेरीवर नव्हतं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “तो ठेकेदाराचा माणूस आहे.”

याच पोरासारख्याचा विचार जिनिव्हात 1981 साली झाला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 155 क्रमांकाच्या करारात म्हटलं आहे, की जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून जो कामगार कामावरून बाजूला होतो, त्याला त्याबद्दल अन्याय्य परिणाम भोगावे लागता कामा नयेत. आपल्याकडे भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान. कलम 41-एचने कामगाराला धोका व्यवस्थापकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालायचा हक्क दिला. हक्क मोठाच होता, पण तो सांगण्याचा होता. सांगून झाल्यावर उतरायला नकार दिला तर रोजी शाबूत राहील, असं ते कलम म्हणत नव्हतं. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतलं कलम 14 सुद्धा जवळपास तेवढ्यावरच थांबतं. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली.

भारताने 155 वा करार मान्य केलेला नाही. 2006 चा 187 वा करारही नाही. सरकारने सुरक्षेचं राष्ट्रीय धोरण आणि कार्यक्रम आखावा, मालक-कामगारांना सोबत घेऊन तो वेळोवेळी तपासावा, असं तो सांगतो. मात्र जून 2022 मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाच्या जागेला मूलभूत हक्कांत स्थान मिळालं. तेव्हापासून करार मान्य नसला तरी त्यातल्या तत्त्वांचा मान राखणं प्रत्येक सदस्य देशावर बंधनकारक आहे.

जे करार आपण मान्य केले, त्यांचा उपयोग मी पाहिला आहे. कामगार निरीक्षणाचा 1947 चा करार भारताने 1949 मध्ये स्वीकारला. निरीक्षकाला आगाऊ न कळवता, दिवसा-रात्री केव्हाही आत शिरता यावं, असं तो सांगतो. गेटवर निरीक्षकाची गाडी अचानक उभी राहिली की आधी धावपळ उडायची, आणि महिनोन् महिने पडून असलेली गार्डची मागणी त्याच संध्याकाळी मंजूर व्हायची. म्हणून संगणकाने निवडलेल्या तपासण्यांवर आणि निरीक्षकाने मार्गदर्शकही व्हावं या नव्या रीतीवर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. मार्गदर्शन जरूर करावं. न कळवता येणं मात्र सोडू नये. मोठ्या औद्योगिक दुर्घटना टाळण्याचा 1993 चा करार आपण 2008 मध्ये स्वीकारला. वायू कुंपणापाशी थांबत नाही, हे त्याला ठाऊक आहे. आपल्या 1996 च्या नियमांनुसार जिल्हाधिकारी जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष असतात. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या गावकऱ्याला सायरन वाजल्यावर कुठल्या दिशेने पळायचं हे माहीत हवं, आणि ते सांगणं सरकारचं काम आहे.

आमच्या डोक्यावरचा बोरघाट रेल्वेसाठी 1856 ते 1863 या काळात फोडला गेला. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तिथे होते. पटकीने आणि अपघातांनी माणसं मोठ्या संख्येने गेली. 1859 मध्ये मजुरीवरून मजूर उठलेही. त्यांना विचारणारा एकही कायदा तेव्हा नव्हता. देशातला पहिला कारखाना कायदा 1881 चा, आणि तोही मुख्यतः लहान मुलांपुरता.

आज दिवाळी झाली की कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. तिथे परमिट नाही, समिती नाही. मातीची धूळ, भट्टीचा धूर आणि धग आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगात कामामुळे दरवर्षी सुमारे 29 लाख माणसं मरतात आणि त्यांतली अपघाताने साधारण 3 लाख 30 हजार; बाकीची आजाराने. भट्टीवरची फुप्फुसं कुठल्या अपघात नोंदवहीत येणार? संहितेत ठराविक कामगारांना वर्षाला मोफत आरोग्य तपासणी आहे. ती करायची तर वाहन भट्टीपर्यंत गेलं पाहिजे, तेही हंगाम चालू असताना. पावसाळ्यात माणसं वाडीवर परतल्यावर भट्टीमालक हात वर करतो.

संहितेने कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा 1000 कामगारांवरून 500 वर आणली, धोकादायक प्रक्रिया असेल तिथे 250. चांगलं झालं. राज्याच्या नियमांत आणखी दोन ओळी मला हव्या आहेत: सुरक्षा समितीत ठेकेदारी कामगारांची स्वतंत्र जागा, आणि परमिटवर उतरणाऱ्याची स्वतःची सही, तिच्या शेजारी “मी उतरणार नाही” असा दुसरा रकाना. तो रकाना भरणाऱ्याला पुढचे सहा महिने कामावरून काढायचं असेल, तर निरीक्षकाची लेखी परवानगी लागावी.