शेतातील गांडूळ व त्याचे जतन

समुद्रकाठच्या वाळूत व चिखलात राहणारे केसाळ कृमी नांदुरा तालुक्यात थोड्यांनीच पाहिले असतील. परंतु त्यांचे भाऊबंद असलेले गांडूळ प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. दोघांचेही शरीर वलयांचे बनलेले असून वलयांवर राठ केस असतात. समुद्री कृमीचे केस पुष्कळ व लांब, तर गांडुळाचे अगदी आखूड असतात. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरविल्यास ते खरखरीत लागतात. या केसांनी बिळाची भिंत पकडून गांडूळ पुढे सरकते.

गांडुळास फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वसन करते. म्हणून उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की कित्येक गांडुळे खोल जाऊन वेटोळे करून निपचित राहतात व पावसाळ्यात पुन्हा वर येतात. त्यांची अंडी लहान कोशांत मातीतच असतात.

कुजका पाला व माती खाऊन गांडूळ जी विष्ठा टाकते, तिच्यातील अन्नद्रव्ये पिकास सहज मिळतात. त्याच्या बिळांतून पाणी व हवा खाली जाते. डार्विन या शास्त्रज्ञाने 1881 साली गांडुळांच्या या कार्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

समुद्री कृमीस खारे पाणी मानवते; गांडुळाच्या नाजूक त्वचेस मात्र क्षार सोसत नाहीत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तेथे माती व विहिरीचे पाणी तपासून घेतल्याखेरीज ओलीत करू नये.

गांडुळांच्या रक्षणासाठी शेतकरी बंधूंनी पऱ्हाटी व धसकटे जाळू नयेत. ती बारीक करून जमिनीत मिसळावीत अथवा त्यांचे खत करावे. मात्र बोंडअळीग्रस्त पऱ्हाटी शेतात न ठेवता तिचे नीट कुजविलेले खतच वापरावे. शेणखत द्यावे, आच्छादन ठेवावे, अनावश्यक नांगरट व विषारी औषधांचा अतिरेक टाळावा.

गांडूळखतासाठी विकत मिळणारी गांडुळे बहुधा परदेशी जातीची असून शेण व कचऱ्यात राहणारी असतात. ती शेतात सोडल्याने काम भागत नाही. शेतातील मूळची गांडुळेच जपली पाहिजेत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसाळ्यात वाफसा असताना एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन शेतकऱ्यांसमक्ष गांडुळे मोजावीत व ती परत मातीत सोडावीत. पाला जाळलेले व न जाळलेले शेत असे शेजारी शेजारी तपासल्यास दोहोंतील फरक शेतकऱ्यांस स्वतःच पाहता येईल.