नक्षी कुणाची? अर्दबीलचा गालिचा

गेल्या वेळी आपण प्रश्न अर्धा सोडला होता : नक्षी कुणाची? आज इराणातला अर्दबीलचा गालिचा घेऊ. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. साल विणलंय हिजरी ९४६, म्हणजे इ.स. १५३९-४०. मधलं मोठं पदक बघा. तसंच पदक इराणी ग्रंथांच्या चामडी बांधणीवर असे. कमळवेलींचं वळण चिनी, मंगोल राजवटीत इराणात रुळलेलं. मग नुसतं ‘इस्लामी’ म्हणून आपण थांबायचं का? आणखी एक. गालिच्यावर मकसूद काशानी हे एकच नाव आहे. कोट्यवधी गाठी मारणारे विणकर निनावी. आपण ‘प्रभाव’ म्हणतो, जणू नक्षी आपोआप सरकत आली. पण पुस्तकावरची नक्षी लोकरीत उतरवायला प्रत्येक गाठ कुणीतरी मारलेली असते.