रोड होल
रोड होल हे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाचे १७वे होल होय. येथे ४ फटके अपेक्षित (पार ४) असतात. हिरवळीच्या डाव्या अंगाला खोल रोड बंकर, तर मागे रस्ता व दगडी भिंत असल्याने ताकदीपेक्षा अंतराचा अंदाज महत्त्वाचा ठरतो. वारा समोरून असल्यास चेंडू हिरवळीच्या अलीकडे उजवीकडे थांबवून प्रसंगी ५ फटके पत्करणे श्रेयस्कर. १९७८च्या ओपन स्पर्धेत जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाचा चेंडू हिरवळीवरून घरंगळत याच बंकरमध्ये गेला. त्याला ९ फटके लागले. १९८४ मध्ये सहाव्या ओपन विजेतेपदाच्या प्रयत्नात असलेल्या टॉम वॉटसनचा दुसरा फटका लांबून भिंतीलगत गेला. विजेत्या सेव्हे बायेस्तेरोसने येथे पहिल्या तिन्ही फेऱ्यांत ५ आणि अखेरच्या फेरीत ४ फटके घेतले होते.