घारापुरी : तीन बंदरांचे बेट

घारापुरी हे मुंबई बंदराच्या विस्तीर्ण खाडीतले डोंगराळ बेट. गेटवे ऑफ इंडियापासून ते सुमारे दहा किलोमीटरवर आहे आणि लाँचने तिथे पोहोचायला तासभर लागतो. मुंबईतून ते डोळ्यांना दिसत असले तरी सरकारी दप्तरात रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. बेटाची लांबी अडीच किलोमीटरांच्या आसपास. काळ्या बसाल्टच्या दोन टेकड्या, त्यांच्यामधली अरुंद घळ, आंबा, चिंच, करंजाची झाडी आणि किनाऱ्याला खारफुटी असे त्याचे रूप. वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर आणि दक्षिणेकडे राजबंदर अशी तीन गावे इथे आहेत. तिन्ही गावांची मिळून एकच ग्रामपंचायत असून एकूण वस्ती बाराशेच्या घरात आहे. लेणी पाहायला येणारा पर्यटक शेतबंदरच्या धक्क्यावर उतरतो, पायऱ्या चढतो आणि संध्याकाळच्या आत परततो. उरलेली दोन गावे बहुतेकांच्या दृष्टीस पडतच नाहीत. बेटाच्या लेखी इतिहासाचेही असेच झाले. त्यात मूर्तींना मानाची जागा मिळाली, माणसे मात्र कडेला राहिली.

लेण्यांच्या आधीपासून बेटावर वर्दळ होती. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणूनच ती स्तूप टेकडी म्हणून ओळखली जाते. किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. पश्चिम किनाऱ्यावरून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर हे बेट होते, याचा हा पुरावा. दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून गौरवलेल्या पुरी नगरीवर नौकांनी चढाई केल्याचा उल्लेख आहे. काही अभ्यासक ही पुरी म्हणजे घारापुरी मानतात, काहींचा कौल जंजिऱ्याजवळच्या राजपुरीला आहे.

मुख्य शैव लेणे बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्यावर ठेवतात. कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी बेटावर मोठ्या संख्येने मिळाली. त्यावरून वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या संशोधकांनी लेण्याच्या निर्मितीचा संबंध पाशुपत पंथाच्या या राजघराण्याशी जोडला. लेण्याचा मुख्य दरवाजा उत्तरेला आहे. आत शिरताच डोळे अंधाराला सरावतात आणि थेट समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सुमारे साडेपाच मीटर उंचीची महेशमूर्ती उभी राहते. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. एका बाजूला मिशा असलेला उग्र अघोर, तर दुसऱ्या बाजूला हाती कमळ घेतलेला स्त्रीसुलभ वामदेव. गाभारा मात्र या मूर्तीसमोर नाही. तो पश्चिमेच्या बाजूला स्वतंत्र आहे, त्याला चारही दिशांना दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल आहेत. म्हणजे लेण्याला दोन अक्ष आहेत. उत्तरेकडून येणाऱ्याला आधी मूर्ती भेटते, पूर्वेकडून येणाऱ्याला लिंग. अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीविवाह, अंधकासुरवध, कैलास हलवणारा रावण हे शिल्पपट या दोन वाटांच्या कडेने मांडलेले आहेत. भारतीय शिल्पकलेत या मांडणीच्या तोडीचे फार थोडे आहे.

१५३४ च्या वसईच्या तहाने हा सारा टापू गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. राजबंदरजवळ उतरताना त्यांना एक भला मोठा दगडी हत्ती दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. जुवांव द कास्त्रो, गार्सिया द ऑर्ता यांनी लेण्यांविषयी लिहून ठेवले. इतिहासकार दियोगु दु कोतो यांनी नोंदवले आहे की, लेण्याच्या दारावरचा एक शिलालेख काढून वाचनासाठी पोर्तुगालला पाठवण्यात आला. तो पुढे हरवला. लेणे कोणी आणि केव्हा कोरवले याचे उत्तर कदाचित त्या एका दगडावर होते. बेटाचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही. मूर्तींचे खालचे भाग फार फुटले आहेत, आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर नेमबाजी केल्याचे सांगितले जाते.

मराठ्यांच्या अमलानंतर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेट घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. दगडी हत्तीची मान आणि डोके १८१४ मध्ये कोसळले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवले गेले. आज राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला जगात नाव मिळाले तो हत्ती बेटावर नाही. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या सन्मानार्थ लेण्यात मेजवानीही झाली. टेकडीच्या माथ्यावरच्या दोन अजस्र तोफा याच राजवटीच्या आहेत.

या सगळ्या काळात बेटावर माणसे राहत होती. इथला समाज प्रामुख्याने आगरी-कोळी. मासेमारी, भरती-ओहोटीच्या हिशेबाने जाळी लावणे, पावसाळ्यात सखल जागी भातशेती हा त्यांचा जुना चरितार्थ. पर्यटन वाढले तसा त्याला नवा व्यवसाय जोडला गेला. धक्क्यापासून लेण्यापर्यंतच्या शंभराहून अधिक पायऱ्यांच्या दोन्ही कडांना दुकाने आहेत. निळ्या ताडपत्र्यांखाली माळा, दगडी मूर्ती, टोप्या, काकडी, कैरी, भाजलेली कणसे मांडलेली असतात. थकलेल्या वृद्धांना खुर्चीच्या डोलीतून चौघे खांद्यावर वर नेतात. सोमवारी लेणी बंद असतात, आणि त्या दिवशी गावाची कमाईही थांबते.

महाशिवरात्रीला हे चित्र पालटते. उरण, पनवेल आणि मुंबईच्या कोळीवाड्यांतून होड्या भरून भाविक येतात, रांगा लावून लिंगाला बेल वाहतात. एरवी तिकीट काढून पाहायचे स्मारक त्या दिवशी देवस्थान होते. बेटावरच्या कुटुंबांच्या दृष्टीने ते कायमच देवस्थान होते. नारळी पौर्णिमा, शिमगा आणि गणपती हे इतर मोठे सण. त्यांना शहरात नोकरीला गेलेली माणसे घरी परततात.

१९८७ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याआधी, १९८५ मध्ये, राज्य शासनाने किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित ठरवला होता. संरक्षणाची ही चौकट योग्यच आहे, कारण आजूबाजूला बंदरे आणि तेलाचे धक्के दाटले आहेत. मात्र घर वाढवायचे, दुकान पक्के करायचे म्हटले की नियमांचा पहिला काच गावकऱ्यांनाच बसतो. पर्यटकांना रात्री मुक्काम करता येत नाही. पिण्याच्या पाण्याची उन्हाळ्यातली चणचण जुनीच आहे, आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी मुलांना लाटांवरूनच जावे लागते. रात्री कोणी अत्यवस्थ झाले तर होडीशिवाय मार्ग नाही.

या साऱ्यात विजेची कथा सर्वांत बोलकी आहे. मुंबईच्या दिव्यांची रांग समोर लखलखत असताना घारापुरीत संध्याकाळी तीनेक तास डिझेल जनरेटर चाले आणि मग तिन्ही गावे अंधारात जात. विदर्भातल्या वाचकाला हा विरोधाभास अधिक जाणवावा. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्यात औष्णिक केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला आणि आज तिथली स्थापित क्षमता १३४० मेगावॅट आहे. राखेचे ढीग आणि धूर सोसून हे गाव राज्याला वीज पुरवत आले, तरी त्याच राज्याच्या राजधानीसमोरच्या बेटाला १९८९ नंतर आणखी जवळपास तीन दशके थांबावे लागले. अखेर महावितरणने समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली. खर्च पंचवीस कोटी रुपयांच्या आसपास आला. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते बेटाचा वीजपुरवठा सुरू झाला. प्रत्येक गावाला स्वतंत्र रोहित्र मिळाले आणि दोनशेच्या आसपास घरांत मीटर बसले. फ्रीज आल्याने मासळी आणि शीतपेये टिकू लागली, मुलांचा रात्रीचा अभ्यास कंदिलावर अवलंबून राहिला नाही. शहरात क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टी बेटावर जगण्याची रीत बदलणाऱ्या ठरल्या.

समुद्राचे प्रश्न मात्र केबलने सुटत नाहीत. समोरच्या न्हावा शेवा बंदराने १९८९ पासून मोठ्या जहाजांची वाट वाढवली आणि कोळ्यांच्या मासेमारीची जागा आक्रसली. ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे मुंबई बंदराजवळ आदळली, तेव्हा तेलाचा तवंग घारापुरीच्या खारफुटीपर्यंत आला. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू बेटाच्या उत्तरेकडून जातो, पण घारापुरीला त्याचा उतार नाही. शिवडीहून रज्जुमार्ग करण्याच्या योजनेची घोषणा झाली, प्रत्यक्षात ती आलेली नाही.

त्यामुळे होडीचे महत्त्व आजही तसूभर कमी झालेले नाही, आणि तिच्यातला धोकाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून बेटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर लाँचवरच्या प्रवाशांना जीवरक्षक जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. पर्यटकाला ही सक्ती एका दिवसाची अडचण वाटते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदरच्या लोकांना बाजार, दवाखाना, कचेरी आणि कॉलेज गाठायला होडीचा हाच रस्ता आहे.