एक प्रश्न, दोन अर्थ

घाटकोपरला आमच्या पंतनगरात कुणाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बिडी-सिगारेट ओढायचे का?’ उत्तर ‘हो’ आले, की सहानुभूती आटते. डॉक्टरही हेच विचारतात. पण त्यांना दोष ठरवायचा नसतो, उपचारांची दिशा ठरवायची असते.

इथून लोकलने अर्ध्या तासावर परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ४८९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतले निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. चुलीचा धूर, प्रदूषित हवा, घरातल्या दुसऱ्याची सिगारेट ही कारणेही असतात. तरीही ‘त्या कुठे ओढतात?’ म्हणून आमच्या शेजारच्या काकूंचा खोकला कित्येक महिने क्षयाचाच समजला गेला. निदान झाले तेव्हा रोग हाडांपर्यंत पोचला होता.

ओढणाऱ्याचे आणि न ओढणाऱ्याचे गाठोडे बाहेरून सारखे दिसले, तरी आतून बरेचदा वेगळे असते. तंबाखूचा धूर पेशीतल्या असंख्य जनुकांची मोडतोड करतो. न ओढणाऱ्यांत मात्र अनेकदा ‘ईजीएफआर’सारख्या एकाच जनुकातला बदल रोग चालवतो. हा बदल २००४ साली उमगला आणि त्यावर नेम धरणाऱ्या जेफिटिनिबसारख्या गोळ्यांना अर्थ आला. हा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर टाटामध्येच झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ नुसत्या गोळीने ८ महिने होता. केमोथेरपीची जोड दिल्यावर तो १६ महिने झाला.

उलट, वर्षानुवर्षे ओढणाऱ्याचे हृदय आणि उरलेले फुप्फुसही थकलेले असते. त्यामुळे शस्त्रक्रिया आणि औषधे पेलणे जड जाते. मात्र न ओढणारे अधिक जगतात, या ठोकताळ्यावर विसंबू नये. न ओढणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त असते, रोगाचा प्रकारही वेगळा असतो. हा फरक वजा केल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही. शिवाय ओढणाऱ्यातही ईजीएफआरचा बदल सापडू शकतो. काही ओढणाऱ्यांना तर प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे अधिक लागू पडतात. म्हणून सवय काहीही असो, जनुकांची तपासणी टाळू नये.

‘आता सोडून काय उपयोग?’ असे नातेवाईक म्हणतात. मॉस्कोत सुरुवातीच्या टप्प्यांतील ५१७ धूम्रपानी रुग्णांचा काही वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निदानानंतर सोडणाऱ्यांपैकी निम्मे ६.६ वर्षांहून अधिक जगले. न सोडणाऱ्यांत हीच मर्यादा ४.८ वर्षांची होती. जवळजवळ दोन वर्षांचा हा फरक, आणि त्यासाठी महागडे औषध लागत नाही. रुग्णाला बोल लावण्यापेक्षा त्याला सोडायला मदत करणे, हे घरच्यांच्या हातातले औषध आहे.